थ्रॉम्बिनमधले लायसिन बदलताना: प्रयोगाच्या आखणीपासून पुराव्यापर्यंत

रक्त गोठवणाऱ्या एखाद्या प्रथिनावर रसायन टाकायचे, त्याची क्रियाशीलता घटलेली पाहायची आणि वहीत लिहायचे, ‘लायसिन अत्यावश्यक आहे’. अशी वाक्ये मी कितीतरी प्रबंधांत वाचली आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः लिहिलीही आहेत. रसायन आपले काम चोख करते. घसरतो तो आपला तर्क, कारण एखादे अमिनो आम्ल बदलले म्हणजे बिघाड त्याच्यामुळेच झाला, असे आपण गृहीत धरतो. म्हणून या लेखात कृतीइतकीच जागा पुराव्याला दिली आहे. नमुना म्हणून थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरातले लायसिन हे अमिनो आम्ल घेतले आहे. शेवटी गॅमा-कार्बॉक्सिग्लुटामिक आम्लाकडेही (थोडक्यात ‘ग्ला’) वळू, कारण गोठण प्रथिनांची खरी ओळख त्यातच आहे.

आधी प्रश्न

अल्फा-थ्रॉम्बिनमध्ये ३६ आणि २५९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एका डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या असतात. रेणुभार साधारण ३६,६००. कापण्याचे काम सेरीन १९५, हिस्टिडिन ५७ आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल १०२ हे त्रिकूट करते (हे क्रमांक कायमोट्रिप्सिनच्या गणतीप्रमाणे आहेत). हे त्रिकूट ज्या खोबणीत बसते, तिच्या दोन बाजूंना धनभारित पट्टे आहेत. पहिल्या पट्ट्यावर, म्हणजे एक्सोसाइट एकवर, फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रथिन) टेकते. दुसऱ्यावर, म्हणजे एक्सोसाइट दोनवर, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध बसते. धनभार मुख्यतः लायसिन आणि आर्जिनिन यांचा, म्हणून लायसिनचा भार पुसला की या पट्ट्यांचे काय होते हा विचारण्याजोगा प्रश्न ठरतो.

पण तो इतका मोघम ठेवू नका. ‘लायसिन बदलल्यावर थ्रॉम्बिनचे काय होते’ यापेक्षा ‘हेपॅरिनच्या सावलीत असलेले लायसिन बदलले तर हेपॅरिनचा परिणाम जातो का, आणि फायब्रिनोजेन कापण्याची ताकद तशीच राहते का’ असे लिहा. प्रश्न असा मांडला की कोणते कंट्रोल (तुलनेचे नमुने) लागणार हे तिथेच ठरते.

अभिकर्मकाची निवड

लायसिनसाठी पर्याय बरेच आहेत: अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, सायनेट, ट्रायनायट्रोबेंझीन सल्फोनिक आम्ल. माझी पसंती पायरिडॉक्सल फॉस्फेटला, म्हणजे ब६ जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाला. त्याचा अल्डिहाइड गट लायसिनच्या अमाइनशी शिफ बेस बनवतो. ही अभिक्रिया उलटी फिरू शकते. सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण केले की मात्र बंध पक्का होतो. म्हणजे पक्का बदल आणि नुसते चिकटणे हे दोन वेगळे नमुने एकाच बाटलीतून मिळतात. शिवाय फॉस्फेटच्या ऋणभारामुळे हा रेणू धनभारित पट्ट्यांकडे ओढला जातो. आणि बसल्यावर त्याचे स्वतःचे शोषण ३२५ नॅनोमीटरला दिसते, त्यामुळे किती बसले ते मोजता येते.

शेवटच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त किंमत देतो. मोजता न येणारा बदल करून मिळालेल्या निकालावर पुढे कुणीच काही उभारू शकत नाही.

प्रथिनाची तयारी

पहिल्यांदा थ्रॉम्बिनच्या बाटलीवरचे लेबल वाचा. अनेक तयार थ्रॉम्बिनमध्ये स्थिरतेसाठी अल्ब्युमिन, ग्लायसिन किंवा ट्रिस घातलेले असते. मानवी अल्ब्युमिनमध्ये ५९ लायसिन आहेत. ते तुमचा बहुतेक अभिकर्मक गिळून टाकेल. ट्रिस आणि ग्लायसिन ही स्वतःच अमाइन्स आहेत, तीही पायरिडॉक्सलशी जोडली जातात. म्हणून कामाचा बफर ५० ते १०० मिलिमोलर हेपेस किंवा फॉस्फेट, पीएच ७.५ ते ८, त्यात ०.१५ मोलर मीठ. बफर बदलण्यासाठी डिसॉल्टिंग कॉलम (प्रथिनापासून लहान रेणू वेगळे करणारा) पुरतो.

थ्रॉम्बिन काचेला चिकटते. सगळे काम प्लास्टिकच्या नळ्यांत करा आणि चाचणीसाठी पातळ करताना बफरमध्ये ०.१ टक्के पॉलिएथिलीन ग्लायकॉल ठेवा. सांद्रता २८० नॅनोमीटरला मोजा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे शोषण सुमारे १.८३ येते. इतक्या सांद्रतेला थ्रॉम्बिन साधारण २७ मायक्रोमोलर असते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर एसडीएस जेल (प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे) चालवाच. थ्रॉम्बिन स्वतःलाच कापते. त्यातून तयार होणारे गॅमा-थ्रॉम्बिन लहान सब्स्ट्रेट (विकर ज्यांना कापते ते रेणू) चांगले कापत राहते, पण फायब्रिनोजेन गोठवण्याची ताकद जवळजवळ हरवून बसते. एक्सोसाइट एकमधले लायसिन बदलल्यावर जे चित्र अपेक्षित असते, नेमके तेच. मी एकदा आठवडेभर ‘एक्सोसाइट बंद पडला’ म्हणून आनंदात होतो. जेलवर साखळीचे तुकडे दिसल्यावर कळले, की नमुना खोलीच्या तापमानाला जास्त वेळ राहिला होता. ते सगळे निकाल टाकून द्यावे लागले. जेल डायसल्फाइड तोडणारी (क्षपणकारक) आणि न तोडणारी, दोन्ही प्रकारची चालवा. तुकडे डायसल्फाइडने जोडलेले राहिले तर न तोडणाऱ्या जेलवर काहीच दिसत नाही.

बदल घडवणे

पायरिडॉक्सल फॉस्फेटचे २० मिलिमोलर द्रावण कामाच्याच बफरमध्ये त्या दिवशी बनवा. पूड आम्लधर्मी असते, त्यामुळे पीएच घसरतो. सोडियम हायड्रॉक्साइडने तो परत ७.५ ते ८ वर आणा. नळी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, कारण प्रकाशात हे द्रावण खराब होते. खरी सांद्रता तपासायची असेल तर थोडे द्रावण ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पातळ करून ३८८ नॅनोमीटरला मोजा. तिथला मोलर शोषणांक ६,६०० आहे.

१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर थ्रॉम्बिनमध्ये शेवटची सांद्रता १ मिलिमोलर होईल इतका अभिकर्मक घाला. प्रथिनाच्या तुलनेत हे सुमारे ३७ पट होते. द्रावण पिवळसर होईल. अंधारात ठेवा आणि ०, ५, १०, २०, ३० व ६० मिनिटांनी ठरावीक भाग काढून बर्फावर घ्या.

बोरोहायड्राइडचे ०.५ मोलर द्रावण थंडगार १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, अगदी वापरण्याच्या क्षणी बनवा. ते सारे एकदम ओतू नका. शेवटी २० मिलिमोलर होईल अशा बेताने दोन-तीन हप्त्यांत घाला. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, फेस होतो, म्हणून नळीचे झाकण घट्ट लावू नका आणि जवळ ज्योत ठेवू नका. पिवळेपणा गेला की क्षपण झाले. पाच-दहा मिनिटे थांबून पीएच पाहा. बफर फार पातळ असेल तर तो वर चढलेला असतो.

याच बैठकीत तीन कंट्रोल बनवा. एकात अभिकर्मक नाही, फक्त बोरोहायड्राइड. त्याने डायसल्फाइडला इजा होते का, ते कळते. दुसऱ्यात पायरिडॉक्सल आहे, पण क्षपण नाही. डायलिसिसनंतर याची क्रियाशीलता परत आली पाहिजे. तिसऱ्यात आधी बोरोहायड्राइडने मारलेला अभिकर्मक नंतर प्रथिनात घातलेला. हे तीन कंट्रोल नंतर कधीतरी करू म्हणून सोडले, तर ते कधीच होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

किती बसले

इथे एक सापळा आहे. प्रथिनाला न जोडलेला अभिकर्मक क्षपणानंतर पायरिडॉक्सिन फॉस्फेट बनतो आणि त्याचेही शोषण ३२५ च्या आसपासच असते. डिसॉल्टिंग अर्धवट झाले तर आकडा फुगतो. म्हणून नमुना एकदा कॉलममधून काढा, मोजा, पुन्हा काढा, पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा आकडा हलला नाही, तरच तो खरा. शंका उरली तर ६ मोलर ग्वानिडिनमध्ये प्रथिन उलगडून पुन्हा डिसॉल्ट करा. नुसते चिकटलेले रेणू त्यात सुटतात.

फॉस्फोपायरिडॉक्सिल-लायसिनचा मोलर शोषणांक ३२५ नॅनोमीटरला सुमारे ९,७०० धरतात. समजा शोषण ०.२६ आले, म्हणजे लेबल सुमारे २६.८ मायक्रोमोलर. त्याच नमुन्यात प्रथिन ०.४९ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर ते १३.४ मायक्रोमोलर. भागाकार दोन. एका रेणूवर सरासरी दोन.

‘सरासरी’ हा शब्द विसरू नका. प्रत्येक रेणूवर नेमके दोन बसलेत, असा त्याचा अर्थ होत नाही. कुठे शून्य, कुठे चार असू शकतात. या भागाकारातला प्रथिनाचा आकडाही जपून मिळवावा लागतो. २८० नॅनोमीटरला लेबलचेही थोडे शोषण असते आणि ब्रॅडफर्ड चाचणीतला रंग आर्जिनिन व लायसिनलाच धरतो, म्हणजे नेमके तेच अमिनो आम्ल बदललेल्या प्रथिनात ती कमी दाखवू शकते. बीसीए चाचणी इथे जास्त भरवशाची.

काय बिघडले

किमान तीन चाचण्या करा आणि तिन्ही एकाच दिवशी, एकाच पातळीकरणातून.

पहिली, लहान क्रोमोजेनिक सब्स्ट्रेट, उदाहरणार्थ एस-२२३८. थ्रॉम्बिनने तो कापला की पॅरा-नायट्रोअनिलिन सुटते आणि ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग वाढताना दिसतो. हा रेणू इतका लहान असतो की त्याला एक्सोसाइट लागत नाही. म्हणजे ही चाचणी मुख्यतः कापणाऱ्या खोबणीची तब्येत सांगते.

दुसरी, फायब्रिनोजेन गोठण्याचा वेळ. थ्रॉम्बिन अल्फा साखळीत आर्जिनिन १६ नंतर आणि बीटा साखळीत आर्जिनिन १४ नंतर कापते, दोन लहान पेप्टाइड सुटतात आणि फायब्रिनचे धागे गुंफले जातात. न बदललेले थ्रॉम्बिन वीसेक सेकंदांत गोठवेल असे प्रमाण ३७ अंशांवर निवडा. एक चूक वारंवार दिसते: वेळ दुप्पट झाला म्हणून क्रियाशीलता निम्मी झाली, असे लिहिले जाते. गोठण्याचा वेळ आणि थ्रॉम्बिनचे प्रमाण यांचे नाते सरळ रेषेत नाही. दोन्ही अक्ष लॉगॅरिदममध्ये घेऊन प्रमाण-वक्र काढा आणि त्यावरूनच क्रियाशीलता वाचा.

तिसरी, अँटिथ्रॉम्बिनकडून (थ्रॉम्बिनला बंद पाडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाकडून) होणारे निष्क्रियीकरण, हेपॅरिनसह आणि हेपॅरिनशिवाय.

आता वाचन. पहिली चाचणी ठीक, दुसरी ढासळलेली आणि जेल स्वच्छ असेल, तर एक्सोसाइट एकच्या आसपास काहीतरी झाले आहे. पहिल्या दोन्ही सारख्याच प्रमाणात घटल्या, तर खोबणीजवळ बदल झाला असेल किंवा सगळे प्रथिनच विस्कटले असेल. सक्रिय स्थळांचे टायट्रेशन करून किती रेणू अजून जिवंत आहेत, ते पाहा. अँटिथ्रॉम्बिन हेपॅरिनशिवाय नेहमीच्या वेगाने थ्रॉम्बिनला धरते, पण हेपॅरिन घातल्यावर वेग वाढत नाही, असे दिसले तर बोट एक्सोसाइट दोनकडे जाते.

झाकून पाहणे

पुराव्याचा कणा हाच. तोच प्रयोग हेपॅरिन आधी घालून करा. हेपॅरिनखाली असलेले लायसिन झाकले जाईल, बाकीचे बदलतील. झाकलेल्या नमुन्यात लेबल कमी बसले आणि हेपॅरिनचा प्रतिसाद टिकला, तर तुमच्या हातात ठोस काहीतरी आहे. एकच गोष्ट घडली आणि दुसरी नाही, तर नाही.

त्यानंतर हेपॅरिन पूर्ण काढा. साध्या डिसॉल्टिंगने ते निघत नाही, कारण थ्रॉम्बिनशी ते भाराने धरलेले असते. १ मोलर मिठात जेल फिल्ट्रेशन करा. नमुन्यात राहिलेले हेपॅरिन तुमची तिसरी चाचणी पार बिघडवेल.

एक्सोसाइट एक झाकायला जळवेच्या हिरुडिनचा शेवटचा तुकडा, म्हणजे हिरुजेन, वापरतात. त्याच्या टोकाचे अमाइन अ‍ॅसिटिलने बंद केलेले आहे ना, ते पाहून घ्या. मोकळे असेल तर तोच अभिकर्मक खाईल. मीठ वाढले की धनभारित पट्ट्यांकडची ओढ घटते, म्हणून झाकलेल्या आणि उघड्या नमुन्यांत मिठाचे प्रमाण तंतोतंत सारखे ठेवा. मला तरी कागदावर क्षुल्लक दिसणाऱ्या या फरकाने सर्वांत जास्त खोटे निकाल दिले आहेत.

किती लायसिन खरोखर कामाची आहेत, हे आकड्यांतून काढायचे असेल तर चीनचे जीवरसायनशास्त्रज्ञ त्सू चेन-लू यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत अजून उपयोगी आहे. उरलेल्या क्रियाशीलतेचे एकमूळ, वर्गमूळ, घनमूळ घेऊन ते न बदललेल्या गटांच्या संख्येसमोर मांडायचे आणि सरळ रेषा कुठे मिळते, ते पाहायचे. सगळे गट सारख्याच वेगाने बदलतात हे तिच्यातले गृहीतक आहे. ते लागू आहे का, हे वेळेनुसार घेतलेल्या नमुन्यांवरून आधी तपासा.

नेमके कोणते लायसिन

डायसल्फाइड तोडा, सिस्टिन झाका, पचन करा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर न्या. क्षपणानंतर बसलेला प्रत्येक गट वस्तुमानात २३१ ची भर घालतो. ट्रिप्सिन बदललेल्या लायसिननंतर कापत नाही, त्यामुळे लांब पेप्टाइड मिळतात. जोडीला ग्लुटामेटनंतर कापणारे विकर वापरले तर नकाशा भरून निघतो. एचपीएलसीवर ३२५ नॅनोमीटरचा मार्ग चालू ठेवा, लेबल असलेली शिखरे लगेच वेगळी दिसतात. नमुना युरियात ठेवला असेल, तर ४३ ने वाढलेली वस्तुमानेही दिसतील. ते कार्बामायलेशन तुमच्या प्रयोगातून आलेले नसून युरियातून आलेले आहे, हे ध्यानात ठेवा.

इतर अमिनो आम्ले, थोडक्यात

सक्रिय सेरीनसाठी डायआयसोप्रोपिल फ्लुरोफॉस्फेटचा उल्लेख जुन्या कृतींत सापडेल. ते मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. कापण्याची खोबणी बंद करायला क्लोरोमिथाइल कीटोन असलेला पीपॅक अधिक नेमका आणि कितीतरी सुरक्षित. आर्जिनिनसाठी फिनाइलग्लायॉक्झल, बहुधा एका आर्जिनिनवर दोन रेणू बसतात, हे मोजणीत धरा. टायरोसिनसाठी टेट्रानायट्रोमिथेन विषारी आणि स्फोटक आहे, नवख्याने त्याला हात लावू नये. गोठण घटक तेराच्या सक्रिय सिस्टिन ३१४ ला आयोडोअ‍ॅसिटामाइडने बंद करता येते, पण आधी थ्रॉम्बिन आणि कॅल्शियमने घटक सक्रिय करावा लागतो. त्याआधी ते सिस्टिन झाकलेले असते.

मानवी प्लाझ्मातून आलेले कोणतेही प्रथिन संसर्गजन्य असू शकते, असे धरूनच हाताळा. हातावर जखम असेल, तर थ्रॉम्बिनचे काम त्या दिवशी दुसऱ्याला द्या.

ग्लाचा मामला

प्रोथ्रॉम्बिनच्या (थ्रॉम्बिन ज्यातून बनते त्या प्रथिनाच्या) सुरुवातीच्या भागात १० ग्लुटामिक आम्लांवर यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने एकेक जास्तीचा कार्बॉक्सिल गट बसवते. घटक नऊमध्ये असे १२ असतात, घटक दहामध्ये ११. या जोडगटांतच कॅल्शियम अडकते आणि त्याच्या आधाराने प्रथिन फॉस्फोलिपिडच्या पडद्यावर उतरते. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन हे औषध हे कार्बॉक्सिलीकरणच अडवते.

इतके महत्त्वाचे अमिनो आम्ल १९७४ पर्यंत सापडले नव्हते. अमिनो आम्लांच्या विश्लेषणासाठी प्रथिन ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना उकळत. त्यात जास्तीचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाई आणि उरे साधे ग्लुटामिक आम्ल. डायक्युमरॉल (वॉरफरिनसारखेच औषध) दिलेल्या गाईंचे प्रोथ्रॉम्बिन कॅल्शियम धरत नाही, हे माहीत होते, पण नेहमीच्या विश्लेषणात दोन्ही सारखीच दिसत. योहान स्टेनफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक उकलला. मोजण्याच्या पद्धतीनेच पुरावा पुसला होता. ग्लाचे काम करताना म्हणूनच आम्लात पचन करू नका. क्षारीय पचन करा, सुमारे २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, ११० अंशांना, जवळपास दिवसभर, आणि तेही काचेऐवजी क्षार सोसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत.

जे विश्लेषणात शाप ठरले, ते प्रयोगात वापरता येते. प्रोथ्रॉम्बिनचा फ्रॅगमेंट एक, म्हणजे ग्ला असलेला सुरुवातीचा भाग, हा दणकट तुकडा आहे. आम्लधर्मी द्रावणातून त्याची फ्रीज-ड्राय पूड बनवा, निर्वात नळीत बंद करा आणि ११० अंशांना काही तास तापवा. कोरड्या स्थितीत साखळी टिकते आणि ग्लामधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रत्येक गटामागे वस्तुमान ४४ ने घटते. वेगवेगळ्या वेळी नळ्या काढल्या, तर १० पासून खाली उतरत जाणारी मालिका हाती येते.

प्रत्येक नळीतला नमुना विरघळवून आधी जेलवर पाहा, कारण उष्णतेने काही रेणू एकमेकांना चिकटतात. मग कॅल्शियम घालून ट्रिप्टोफॅनची चमक मोजा. साध्या फ्रॅगमेंट एकमध्ये ती कॅल्शियमने स्पष्ट उतरते, ग्ला गेलेल्यात उतरत नाही; कॅल्शियम धरून ठेवणारे ईडीटीए घातल्यावर उतरलेली चमक परत चढली पाहिजे, नाहीतर उतार कॅल्शियमचा नव्हता. शेवटी बेरियम सायट्रेटचा साका बनवून त्यात नमुना ढवळा आणि सेंट्रीफ्यूज करा. पूर्ण ग्ला असलेले प्रथिन साक्यासोबत खाली बसते, ग्ला गमावलेले वरच्या पाण्यात राहते. दोन्ही भाग जेलवर शेजारीशेजारी लावा आणि प्रत्येक नळीत ग्ला किती उरले, तो क्षारीय पचनाचा आकडा त्या पट्टीखाली लिहा.